वाफ्यातल्या शाळेचं भांडण

वैजू, तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, भाड्याची भांडी परत गेली, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. लोकांना काय जातंय बोलायला! भांडण अर्ध्यावर टाकून त्यांची जाऊ गेलेली नाही, माझी गेली आहे. तीही धाकटी. थोरलीच्या आधी उठून जायचं ही कुठली पद्धत गं? या घरात मी तुझ्या आधी आले, मग जायचा नंबरही माझाच आधी होता. पण तू माझं कधी ऐकलंस, म्हणून आता ऐकशील!

काल तुझ्या शाळेत शोकसभा होती. तुझ्या फोटोला हार आपल्याच वाडीतल्या फुलांचा, मीच ओवलेला. फोटो कुठला लावला माहीत आहे? तो तुला न आवडणारा, डोळे मोठे केलेला. मी सांगितलं त्यांना, हा नको, तिला आवडत नाही. ते म्हणाले, दुसरा मोठा करून मिळायला वेळ लागेल. बस मग तशीच डोळे वटारून.

मोठ्या बाई बोलल्या, तुझ्या बरोबरीच्या शिक्षिका बोलल्या. मग उठले आपले प्रभाकरभाऊ. कुंपणापलीकडचे. गळा साफ करून म्हणाले, "कोरोनात सगळ्या शाळांना कुलपं लागली, पण आमच्या होळी गावातल्या या दोघी जावांनी स्वतःच्या वाडीत शाळा चालवली. दोघींनी खांद्याला खांदा लावून. एक दिवस बंद पडू दिली नाही!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

एक दिवस बंद पडू दिली नाही म्हणे. अगं, ती शाळा जेमतेम महिनाभर चालली. ती कुणी बंद केली, हे या गृहस्थाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, कुंपणाला टेकून. आणि त्याआधी रोज सकाळी ओरडत कोण होतं? "वहिनी, आमच्या घरात म्हातारं माणूस आहे, ही जत्रा हलवा इथून!" तक्रार करीन म्हणून धमकी कुणी दिली होती? मला वाटलं, उठावं आणि सगळ्यांसमोर विचारावं. पण तुझ्या फोटोसमोर तमाशा नको, म्हणून दात आवळून बसले. तू असतीस तर उठली असतीस. तुझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच.

आठवतंय ना, सुरुवात कशी झाली? कामाला माणसं मिळत नव्हती, म्हणून विहिरीकडचे वाफे नुसते पाडून ठेवले होते, पेरलं काहीच नव्हतं. एका सकाळी बघते तर काय, एकेका वाफ्यात एकेक पोर! गोणपाट अंथरून, तोंडाला फडकं बांधून, मांडीवर पाटी. मध्ये मातीचे वरंबे. आणि तू पाटाच्या कडेकडेने पदर खोचून फिरतेस. मी म्हटलं, "हे काय चालवलंयस?" तू म्हणालीस, "ताई, अंतर मोजून घ्या. एका पोराला अख्खा वाफा आहे. असं अंतर दिल्लीतसुद्धा पाळत नसतील."

मला हसू आलं होतं गं. खोटं कशाला बोलू? दिसायला ते फार छान दिसत होतं. माझी रुचीसुद्धा दुसऱ्या वाफ्यात बसली होती, दुसरीत होती तेव्हा. मला बघून तिने हात हलवला.

पण माझं लक्ष अण्णांच्या खाटेकडे गेलं. विहिरीजवळच्या ओट्यावर खाट, खाटेवर आपले सासरे, जन्माचा दमा, आणि तोंडावरचं फडकं कायम हनुवटीखाली. पोरं आली की अण्णांना कोण आनंद! कुणाला पेरू दे, कुणाला जवळ बोलावून विचार, "तू कोनाचा रे?" त्या पोरांचे आईबाप कुठे कामाला जातात, घरी कोण खोकतंय, काही पत्ता नाही. मी बोलले की अण्णांचं उत्तर ठरलेलं. "मला काय व्हनार नाय गो. बसू दे पोरांना. वाडीत आवाज बरा वाटतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि मग ते थांबलंच नाही. भांडी घासताना, पालेभाजी निवडताना, ओट्यावर चहा पिताना. घरातले पुरुष तर सरळ उठून जायचे. तू म्हणायचीस, "फोनवर शाळा म्हणतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर जातो. पोर शिकणार कधी, रात्री बाप झोपल्यावर?" मी म्हणायचे, "थोडे दिवस नाही शिकली तर काय आकाश कोसळणार आहे? अक्षरं पुढेही शिकता येतात. माणूस गेला की आणायचा कुठून?" मग तुझं सुरू. दारूची दुकानं उघडली, लग्नांचे हॉल उघडले, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, सगळी पोरं आयांबरोबर त्याच बाजारात हिंडतात, आणि रोग म्हणे फक्त शाळेतच होतो! "ताई, दुसरीतलं पोर दोन वर्षांनी चौथीत नेऊन बसवतील, आणि त्याला बाराखडी येत नसेल. तेव्हा सगळे त्यालाच ढ म्हणतील. कुलूप लावणाऱ्याला कुणी काही म्हणणार नाही."

यातलं अर्धंअधिक मला पटत होतं, वैजू. दारूच्या दुकानाचं तर शंभर टक्के पटत होतं. पण म्हणून माझ्या सासऱ्यांच्या उशापायथ्याशी वर्ग? मी तुला सांगितलं, "शाळा चालव, पण दुसरीकडे." तू म्हणालीस, "दुसरीकडे कुणी देत असतं तर तुमची बोलणी खायला इथे बसले असते का?" तेही खरंच होतं. तू सगळ्यांना विचारून आली होतीस. प्रत्येकाला शाळा हवी होती, फक्त स्वतःच्या अंगणात नको होती. आणि वरचे साहेब लोक! आज सुरू, उद्या बंद, परवा बघू. त्यांचा राग आपण दोघी एकमेकींवर काढत होतो, दुसरं काय.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या सुमनमावशी गेल्या. त्यांना खांदा द्यायला घरातली पुरेशी माणसं नव्हती, आणि बाहेरचं कुणी पुढे आलं नाही. ज्या बाईने निम्म्या होळीची बाळंतपणं काढली, तिच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी, अण्णा खोकायला लागले.

मी तुला म्हटलं, "आज पोरांना घरी पाठव." तू म्हणालीस, "अण्णांचा नेहमीचा खोकला आहे." मी म्हटलं, "तू काय डॉक्टर आहेस?" तू म्हणालीस, "तुम्ही तरी कुठे आहात?" आणि पदर खोचून वाफ्यांकडे चालू लागलीस. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सरळ विहिरीवर गेले, मोटार लावली आणि पाणी पाटात सोडलं.

पाटाचं पाणी काही धावत येत नाही. कोरडी माती पीत पीत, पालापाचोळा ढकलत येतं. तरी शेवटी पहिल्या वाफ्यात शिरलं, मग दुसऱ्या. पोरं किंचाळत उठली. बरीचशी खुशच होती, पाण्यात पाय आपटत पळाली. गोणपाट तरंगायला लागले. मी मोटारीपाशीच उभी होते. तू भिजलेल्या साडीने माझ्याकडे आलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "ताई, तुम्ही माझी शाळा बुडवलीत."

मी म्हटलं, "हो. बुडवली."

दुसऱ्याच दिवशी मी त्या वाफ्यांत मेथी टाकली, म्हणजे पुन्हा कुणी बसायला नको. मेथी अशी आली की बघत राहावं. तू ती तोंडात घातली नाहीस. ताटात वाढली की बाजूला सारायचीस, आणि अख्खं घर बघायचं. त्यानंतर शेवटपर्यंत तू मेथी खाल्ली नाहीस. सगळे म्हणायचे, वैजूला मेथी आवडत नाही. मला माहीत होतं ना!

अण्णांचा खोकला साधाच निघाला. किती टोमणे मारलेस मला त्यावरून. "साध्या खोकल्यापायी वीस पोरं घरी बसवलीत." पण आधी कसं कळायचं गं, साधा की कसला? मग पुढच्या उन्हाळ्यात ती दुसरी लाट आली. आळीत घर सोडत नव्हती, प्रभाकरभाऊंची आई त्यातच गेली, आणि आपल्या अण्णांना धक्का लागला नाही. त्यानंतर चांगली तीन-चार वर्षं जगले अण्णा. शेवटपर्यंत ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "कोनाचा रे तू?" विचारत. मी पाणी सोडलं म्हणून वाचले, की वाचायचेच होते? मला नाही माहीत. तुलाही नव्हतं माहीत. पण तू एकदा, फक्त एकदा म्हणायला हवं होतंस की ताई, अण्णांपुरतं तुमचं बरोबर होतं. किती वाट बघितली मी. आज पुन्हा ती वेळ आली तर आजही मोटार लावीन, हे तुझ्या तोंडावर सांगितलंय आणि आताही सांगते.

आणि त्याची दुसरी बाजू माझ्याच घरात वाढते आहे, तेही मला दिसतं. आपली रुची.

शाळा उघडल्या तेव्हा रुची चौथीच्या तोंडावर आली होती, तू म्हणाली होतीस अगदी तशी. फोनवरच्या शाळेत तिने काय केलं, तर "येस मॅडम" म्हणायला शिकली. अक्षरं ओळखायची, पण ती एकमेकांना जोडता येईनात. ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर उचलायचं, आणि शब्द संपेपर्यंत सुरुवात विसरायची. वर्गात वाचायचा दिवस असला की पोटात दुखायचं. मी आपली ओवा देत होते. तूच ओळखलंस. "ताई, हिच्या पोटात काही नाही. हिला वाचता येत नाही."

मी तेव्हा अंग चोरून उभी राहिले. म्हटलं, आता येणार. आता ही म्हणणार, बघा, कुणी बुडवलं ते. भाजीत मीठ कमी पडलं तरी चार माणसांत बोलणारी बाई तू, हा टोमणा सोडशील? पण तू बोलली नाहीस. घरी आल्यावर हातपाय धुऊन रुचीला घेऊन ओट्यावर बसलीस, आणि मग रोजच बसायला लागलीस. पुस्तक काढलं की ती रडते म्हणून तू तिला बियाण्यांच्या पाकिटांवरचं वाचायला लावायचीस. "पालक. पेरणीची खोली." मग लग्नपत्रिका, औषधांचे खोके, दुकानांच्या पाट्या. इतकी वर्षं. आता आठवीत आहे ती, आणि आत्ता कुठे जोडाक्षरांवर अडखळत का होईना पुढे सरकते. अजून पान वाचायला घेतलं की घाम फुटतो तिला, पण पळून जात नाही.

त्या सगळ्या वर्षांत रुचीवरून तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस. मी आतून डाळ ढवळत ऐकायचे, ती अडखळली की माझा हात थांबायचा. वाटायचं, बोल ना बाई एकदा. म्हण की तुमच्यामुळे झालं. म्हणजे मलाही म्हणता येईल की अण्णा माझ्यामुळे राहिले, आणि एकदाचा हिशेब मिटेल. तू मात्र ताकाला तूर लागू दिली नाहीस. मला वाटायचं, मोठेपणा दाखवतेय. त्या मोठेपणाचा मला भयंकर राग यायचा, वैजू. आजवर मला मारलेल्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त.

तू गेल्यापासून रुचीने पुस्तक उघडलेलं नाही. मी म्हटलं तर म्हणते, "काकी नाही तर मी नाही वाचणार." वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. तू एवढ्या वर्षांत जे वर काढलंस ते चार महिन्यांत पुन्हा तळाला जाईल, अशी भीती वाटते मला. तिच्या बापाला सांगितलं, तर क्लास लावू म्हणतो. क्लासमध्ये काय बियाण्यांची पाकिटं देणार आहेत तिला?

काल शोकसभेतून परत येताना माझं तोंड सुरूच होतं. रुची बाजूने चालत होती. मी म्हटलं, "खांद्याला खांदा म्हणे! सगळ्या होळीला माहीत आहे, शाळा मी बुडवली. मला कशाला असला खोटा हार घालतात?"

रुची म्हणाली, "तू एकटीने नाही बुडवलीस."

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. म्हटलं, "तुला काय आठवणार, एवढीशी होतीस."

"मला सगळं आठवतं. मी दुसऱ्या वाफ्यात होते. काकी माझ्या शेजारीच उभी होती. पाणी येताना तिला लांबूनच दिसलं होतं, आई. तिच्या पायाशी फावडं होतं."

मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, मला काही ऐकू येईना.

फावडं! अगं, तू सांगलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माहेरी उसाला पाणी पाजत वाढलेली. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू आम्हाला शिकवायला निघाली होतीस की तुमच्याकडे पाणी वळवतात ते बरोबर नाही, आमच्याकडे दारं धरतात. एक फावडंभर माती वाफ्याच्या तोंडाशी टाकली की पाणी गपगुमान पुढे जातं. तुला ते झोपेत जमलं असतं. पाणी माती पीत पीत येत होतं, आणि तू नुसती बघत उभी राहिलीस?

"मी काकीला विचारलं होतं," रुची म्हणाली. "मागच्या वर्षी. वाचता वाचता. म्हटलं, तेव्हा तू माती का नाही टाकलीस? तर मग म्हणाली, सकाळी अण्णांचा खोकला ऐकून ती पण घाबरली होती. पण सगळ्यांच्या आईवडलांना तिनेच सांगितलं होतं ना, पोरं पाठवा, मी आहे. मग आता कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? तेवढ्यात पाणी आलं."

म्हणजे मी बुडवत होते, आणि तू बुडू देत होतीस! आणि वर तोंड करून सगळ्या आळीसमोर मला म्हणालीस, तुम्ही माझी शाळा बुडवलीत! शाळा चालू ठेवणारी म्हणून तू मिरवलीस, बंद करणारी म्हणून बोलणी मी खाल्ली, मेथीसुद्धा मीच एकटीने खाल्ली. काय म्हणू तुला? शहाणे, एकदा मला हळूच सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी काय दवंडी पिटणार होते? दोघी मिळून घाबरलो असतो. मला केवढा आधार वाटला असता, माहीत आहे? त्या सकाळी या घरात मला एकटीलाच भीती वाटतेय, असं समजत राहिले मी इतकी वर्षं.

मी रुचीवर ओरडले. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काकीने शप्पथ घातली होती. म्हणाली, आईला सांगू नकोस. सांगितलंस तर ती मला लगेच माफ करून टाकील. आणि तुला नीट वाचता येईपर्यंत मला माफी नकोय."

 अजून ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. रडू येतं, आणि मधेच एवढा संताप येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. म्हणून आज दुपारी रुचीला हाताला धरून ओट्यावर बसवलं. मी दहावी झालेली बाई, मला काय शिकवता येतंय! पण बसले. ती "प्रयत्न" शब्दावर अडली, मी घाईघाईने सांगून टाकला, ती म्हणाली, "काकी सांगायची नाही, थांबायची." मग मी थांबले. थांबणं मला कधी जमलेलं नाही, तुला ठाऊक आहे. बराच वेळ गेला. शेवटी तिचा तिने म्हटला.

तर ऐक, वैजू. तुझं म्हणणं मान्य. नाही करत माफ. रुची अख्खं पान न अडखळता वाचेपर्यंत तर मुळीच नाही. आणि शिकवायला आता मी आहे, तेव्हा तुला बरीच वर्षं थांबावं लागणार आहे.